कॅमेऱ्याचें धड

कॅमेऱ्याच्या बाजारांत ज्यास 'बॉडी' म्हणतात त्यास मराठींत काय म्हणावें, असें आमच्या कुटुंबानें आम्हांस विचारलें. आम्ही मराठीचे शिक्षक असल्यामुळें उत्तर देणें भागच होतें. 'धड' असें आम्हीं सांगतांच ती म्हणाली, "अहो, म्हणजे मुंडकें वेगळें विकत घ्यावें लागणार कीं काय?" या प्रश्नांत विनोदापेक्षां व्यवहारज्ञान अधिक होतें, हें आम्हांस कळावयास पुढें दोन महिने लागले.

कॅमेऱ्याचा विचार आमच्या घरांत कां शिरला, तें आधीं सांगितलें पाहिजे. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतों, दौंड-सोलापूर लोहमार्गावर की-मन होते. रुळांच्या चाव्या तपासत रोज मैलोगणती पायीं चालणें, हें त्यांचें काम. उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें आणि भीमेचें पाणी मागें सरकत भिगवणपर्यंत पसरलें, तें त्यांनीं आपल्या डोळ्यांदेखत पाहिलें. जेथें नदी होती तेथें सागर झाला, आणि त्या पाण्यावर कोठकोठचे पक्षी उतरूं लागले. आबांनीं पक्ष्यांविषयीं एकहि ग्रंथ वाचलेला नाहीं. परंतु चित्रबलाकांचे थवे कोणत्या झाडांवर रात्र काढतात, टिटवी खडींत अंडीं कोठें घालते, रोहित पक्षी कोणत्या महिन्यांत येतात, हें सर्व त्यांना पाठ होतें. दोन वर्षांपूर्वीं त्यांचें खुब्याचें हाड मोडलें. तेव्हांपासून ओसरी ही त्यांची सीमा झाली.

आम्ही सुटीच्या दिवशीं पाण्याकडे फिरून आलों म्हणजे ते विचारीत, "कवड्या दिसला का?" कवड्या म्हणजे काळापांढरा खंड्या, जो पाण्यावर एका जागीं पंख फडफडवीत थांबतो आणि मग दगडासारखा खालीं पडतो. दिसला, असें म्हणतांच पुढचा प्रश्न ठरलेला असे : "छातीवर पट्टे किती? एक कीं दोन?" नरास दोन पट्टे असतात, मादीस एकच आणि तोहि मध्यें तुटलेला. आम्हांस तें कधींच सांगतां येत नसे. तीस वर्षें मुलांस वर्णनात्मक निबंध शिकविणाऱ्या माणसाचें वर्णन ऐकून आबा मान वळवीत आणि म्हणत, "असूं दे." हें 'असूं दे' आम्हांस फार लागे.

याच सुमारास आमच्या वेतनाची जुनी थकबाकी हातांत पडली. रक्कम एक लक्ष दहा हजार. त्यांतील तीस हजार आबांच्या उंचखाली होणाऱ्या पलंगासाठीं आणि चाकांच्या खुर्चीसाठीं बाजूस काढले. खुर्ची आली तेव्हां तीवरून त्यांना पाण्यापर्यंत नेऊं, अशी वेडी आशा आम्हांस होती. पण बांधाची चढण आणि पुढचा चिखल पाहून तो विचार सोडावा लागला. राहिले ऐंशी हजार. घराच्या पत्र्यांतून पावसाळ्यांत दोन ठिकाणीं गळतें, ही गोष्ट आमच्या कुटुंबानें एकदांच बोलून दाखविली, आणि मग आपणच म्हणाली, "मामंजींना पांखरें दाखवा. पत्र्याखालीं भांडीं ठेवूं." तेव्हां हे ऐंशी हजार रुपये उधळण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

आम्ही या शास्त्रांत कोरे होतों. प्रथम सल्ला मिळाला तो शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडून, जो आतां लग्नांचीं छायाचित्रें काढतो. तो म्हणाला, "सर, मेगापिक्सेल बघा." आम्हीं मेगापिक्सेल पाहिले आणि एक मौज ध्यानांत आली. आबा तीं चित्रें पाहणार होते आमच्या घरच्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. त्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे सारे मिळून वीस लक्षांहून थोडे अधिक, दोनच मेगापिक्सेल! चोवीस मेगापिक्सेलचें चित्र त्यावर लावलें तरी दिसणार तें दोनांचेंच. मग बाकीचे बावीस कशाला? तर कातरण्याला. पक्षी कधींच पुरेसा जवळ येत नाहीं. चित्राच्या मध्यावर तो चिमुकला असतो आणि भोवतीं आकाश किंवा पाणी. तें भोवतालचें कातरून टाकल्यावर पक्ष्याच्या अंगावर किती ठिपके उरतात, हा खरा प्रश्न. हें समजलें त्या दिवशीं आमच्या डोक्यांतला अर्धा गोंधळ मिटला.

दुसरा सल्ला असा मिळाला कीं, आरसा असलेले कॅमेरे आतां जुने झाले. हल्लींचे आरशाविना असलेले कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपोआप हुडकून त्यावर फोकस धरून ठेवतात. हें खरें आहे. आम्हीं तसा एक कॅमेरा हातांत घेऊन पाहिला आणि एका साळुंकीच्या डोळ्यावर तो लहानसा चौकोन चिकटून राहिलेला पाहून थक्क झालों. परंतु त्याची किंमत, आणि त्यास शोभेल अशा लांब लेन्सची किंमत, यांची बेरीज केली तेव्हां ऐंशी हजार हा आंकडा आम्हांस फार केविलवाणा दिसूं लागला. कॅमेरा आदरपूर्वक परत दिला.

तिसरा उपाय म्हणजे धड आणि मुंडकें एकत्रच असलेला, लांबवर झेपावणारा कॅमेरा. आमच्या वर्गांतील एका मुलाच्या काकांजवळ निकॉन पी ९०० होता. २०१५ मध्यें निघालेल्या या यंत्राची झेप ८३ पट आहे. चंद्रावरील खळगे त्यांतून स्पष्ट दिसतात. मोठ्या मनानें त्यांनीं तो आम्हांस आठवडाभर वापरावयास दिला. दुपारच्या उन्हांत, खांबावर स्वस्थ बसलेल्या घारीचें चित्र त्यानें इतकें सुंदर काढलें कीं आबा प्रथमच 'असूं दे' म्हणाले नाहींत. पण पक्ष्यांची वेळ दुपारची नव्हे. उजाडतां उजाडतां, जेव्हां पाण्यावर धुकें असतें आणि कवड्या शिकारीस निघतो, तेव्हां त्याच कॅमेऱ्यांतून खंड्या न दिसतां वाळूसारखें कांहींतरी दिसे. याचें कारण साधें आहे. प्रकाश टिपणारा जो सेन्सर, तो या जातीच्या कॅमेऱ्यांत फार लहान असतो. आडव्याउभ्या मापांचा गुणाकार करून पाहिला, तर ज्यास एपीएस-सी म्हणतात त्या सेन्सरच्या तो सुमारें तेरावा हिस्सा भरतो. लहान वाटींत पाऊस थोडाच सांचणार. शिवाय उडता पक्षी त्या दूरच्या झेपेंत एकदां चौकटीबाहेर गेला कीं पुन्हां सांपडत नसे. हा दोष त्या यंत्राचा नव्हे. तें ज्या कामासाठीं केलें तें काम तें उत्तम करतें. आमचें काम निराळें होतें. आम्हीं तो पुसून, आभार मानून परत केला.

आतां उरला एकच मार्ग : कोणीतरी वापरलेला, आरशाचा कॅमेरा. ज्यांना नवीनाचा सोस असतो ते लोक आपलीं चांगलीं यंत्रें विकून टाकतात, आणि त्यांच्या या चंचलपणाबद्दल आमच्यासारख्यांनीं कृतज्ञच असावें. येथें आमची निवड दोन धडांवर येऊन ठेपली. एक निकॉन डी ५००, २०१६ सालचें. दुसरें डी ७२००, २०१५ सालचें. दोन्ही आतां नवीं निघत नाहींत. डी ५०० हें पक्षिचित्रकारांचें लाडकें यंत्र. त्यांत फोकस धरण्याचे १५३ बिंदु जवळजवळ सगळ्या चौकटीभर पसरलेले, आणि एका सेकंदांत दहा चित्रें, तींहि दोनशेंपर्यंत न थांबतां. डी ७२०० मध्यें बिंदु ५१, सेकंदाला चित्रें सहा, आणि मूळ स्वरूपांतील चित्रें असलीं तर अठराच्या सुमारास त्यास धाप लागते. गुणांत पहिलें श्रेष्ठ, यांत वाद नाहीं. आम्ही तर त्याच्या प्रेमांत पडलों होतों. रात्रीं वह्या तपासतांना समासांत '१५३' असा आंकडा आमच्या हातून लिहिला गेला, आणि दुसऱ्या दिवशीं ज्याची ती वही तो मुलगा हे गुण कशाचे म्हणून विचारावयास आला!

वापरलेल्या डी ५०० साठीं आमच्याकडे ४८ हजार मागत होते. म्हणजे मुंडक्यासाठीं, अर्थात् लेन्ससाठीं, उरत होते बत्तीस. तेवढ्यांत मिळत होती ती ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी साधी लेन्स. उलट डी ७२०० मिळत होता २७ हजारांस, आणि वापरलेली २००-५०० मिलिमीटरची निकॉन लेन्स ५० हजारांस. आम्हीं फळ्यावर हिशेब मांडला. शाळा सुटलेली होती, शिपाई खिडक्या लावीत होता. कवड्या तीस मीटरांवर आहे आणि त्याची लांबी पाव मीटर आहे, असें धरलें. डी ५०० आणि ३०० ची लेन्स : पक्ष्याच्या लांबींत ठिपके येतात सुमारें ५९०. डी ७२०० आणि ५०० ची लेन्स : सुमारें १,०६०. एकीकडे आमच्या पडद्याच्या एक तृतीयांशाहून कमी, आणि दुसरीकडे निम्म्याहून अधिक. छातीवरचे पट्टे मोजावयाचे होते. आणि पट्टे मोजावयास दहा चित्रें प्रति सेकंद लागत नाहींत, मोठा पक्षी लागतो. शिवाय कवड्याचा स्वभावच आमच्या बाजूस होता. तो हवेंत एका जागीं थांबतो. निसर्गानें गरिबाच्या कॅमेऱ्यासाठींच जणूं हा पक्षी घडविला असावा. शिपायानें फळा पुसूं का म्हणून विचारलें, तेव्हां आम्हीं 'पूस' म्हटलें. निर्णय झाला होता.

येथें एक खुलासा करणें जरूर आहे, कारण दुकानदार याबाबतींत भोळ्या गिऱ्हाइकास नेहमीं चकवितात. ५०० ची लेन्स या धडांवर लावली कीं ती '७५० ची होते' असें ते सांगतात. ती कांहीं होत नाहीं. लहान सेन्सरमुळें दृश्याच्या कडा कापल्या जातात, एवढेंच.

आतां जें घडलें तें सांगावयास आम्हांस थोडी लाज वाटते. पुण्यांतील एका दुकानांत आम्हीं डी ७२०० पाहिला. बाहेरून तो नवऱ्या मुलासारखा दिसत होता. "सर, फक्त वीस हजार शटर झालाय," असें दुकानदार म्हणाला. कॅमेऱ्याचा पडदा जितक्या वेळां उघडमीट करतो तितकें त्याचें वय. या जातीचा पडदा निर्मात्यांनीं १,५०,००० वेळां चालवून पाहिलेला असतो. आम्ही पैसे मोजावयास लागलों होतों. इतक्यांत बरोबर आलेला तो लग्नांचीं चित्रें काढणारा विद्यार्थी म्हणाला, "सर, एक फोटो काढून मला द्या." त्यानें तो फोटो आपल्या लॅपटॉपवर उघडला. प्रत्येक चित्राच्या पोटांत कॅमेरा आपली कुंडली लिहून ठेवतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. पडद्याची संख्या होती १,३१,४०० आणि कांहीं. दुकानदारानें तो आंकडा वाचला, आमच्याकडे पाहिलें, आणि चहा मागवूं का म्हणून विचारलें. चहा न घेतां आम्ही बाहेर पडलों. रस्त्यावर आल्यावर आमचे पाय कांपत होते. गुरूनें शिष्याचा हात धरून रस्ता ओलांडला.

पुढें नाताळच्या सुटींत एका निवृत्त गृहस्थांकडून, त्यांच्या घरीं बसून, धड आणि लेन्स दोन्ही मिळालीं. या वेळीं आम्ही शहाणे होतों. प्रथम पडद्याची संख्या पाहिली, ती ३४ हजारांच्या घरांत होती. मग छिद्र लहान करून मोकळ्या आकाशाचें चित्र काढलें, म्हणजे सेन्सरवरचे डाग उमटतात. दोनच उमटले, तेहि फुंकणीनें गेले. लेन्समध्यें विजेरीचा प्रकाश टाकून बुरशी पाहिली, कारण आपल्याकडचा पावसाळा कांचेला पत्र्याइतकाच छळतो. अखेर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर फोकस धरला. तो तारखेच्या किंचित् मागें पडत होता. पण या धडांत ती चूक दुरुस्त करण्याची सोय आहे, स्वस्तांतल्या धडांत ती नसते. गृहस्थांनीं स्वतः ती कशी करावी तें दाखविलें. एकंदर ७७ हजार झाले. उरलेल्या तिहींत कार्ड आणि पिशवी.

यंत्र आलें म्हणून चित्रें आलीं, असें मात्र झालें नाहीं. लेन्स दोन किलो तीनशें ग्रॅम, धड पाऊण किलोहून अधिक. कुंभारगावच्या कांठावर पहिल्या सकाळीं आम्ही ती तोफ घेऊन उभे राहिलों तेव्हां दहा मिनिटांत हात थरथरूं लागले. कवड्या आला, थांबला, पडला, गेला. आमच्याजवळ पाण्याचीं चाळीस चित्रें झालीं. दुसऱ्या सकाळीं पडद्याची गति सेकंदाचा दोन-हजारावा भाग ठेवावयाची हें शिकलों, तर प्रकाशच पुरेना. आयएसओ वाढवितांच पुन्हां वाळू, जरी त्या पी ९०० पेक्षां पुष्कळ बारीक. तिसऱ्या सकाळीं आम्ही पुढें सरकलों आणि पक्षी मागें सरकला. तीस मीटर हें अंतर फळ्यावर सोपें होतें.

तेव्हां आम्हांस इंग्लंडांतील कीर्टन बंधूंची गोष्ट आठवली. १८९२ मध्यें त्यांनीं पक्ष्याच्या घरट्याचें अंड्यांसह छायाचित्र घेतलें, आणि पुढें पक्ष्यांच्या जवळ जातां यावें म्हणून एक पोकळ बैल तयार करविला व त्याच्या पोटांत शिरून ते चित्रें काढीत. गुरांना पक्षी भीत नाहींत, हें त्यांनीं जाणलें होतें. पोकळ बैल आमच्या ऐपतीपलीकडचा, पण ही गोष्ट आबांना सांगतांच ते हंसून म्हणाले, "बैल कशाला? मच्छिमाराच्या होडींत बस. त्याला कोण भितंय?" आणि तें खरेंच होतें. रोज जाळीं काढणाऱ्या होडीला तेथील पक्षी पाण्याचाच एक भाग समजतात. ज्यांच्या होडींतून आम्ही गेलों ते आबांना ओळखत होते. पैसे घेण्यास त्यांनीं नकार दिला, म्हणून आम्हीं त्यांचेंहि एक चित्र काढून दिलें. होडींत लेन्स गुडघ्यावर टेकतां येते. आंगठ्यानें एक चक्र फिरवून गति बदलावी, बोटानें दुसरें फिरवून छिद्र बदलावें, आणि डोळा कॅमेऱ्यापासून न काढतां हें सर्व व्हावें, यासाठीं दोन चक्रांचें धड घ्या असें आम्हांस कां सांगितलें गेलें होतें, तें त्या हलत्या होडींत कळलें. कवड्या वीस-बावीस मीटरांवर येऊन थांबला. आम्हीं बोट दाबून धरलें. तो पडला त्या क्षणाचें एकहि चित्र आमच्याजवळ नाहीं. सेकंदाला सहा या गतींत तो क्षण दोन चित्रांच्या फटींत निसटला. डी ५०० असता तर कदाचित् सांपडला असता. ही हळहळ अजूनहि गेलेली नाहीं, आणि ती नाकारण्याचें कारणहि आम्हांस दिसत नाहीं. परंतु तो वर आला आणि एका खुंटावर बसला, तें चित्र मिळालें.

संध्याकाळीं पडद्यावर तें लावलें. आबांचा पलंग समोर उचलून दिला होता. ओल्या अंगाचा कवड्या पडद्याच्या अर्ध्याहून मोठा दिसत होता. पिसांवरचे थेंब वेगळे मोजतां येत होते. आम्हीं कांहीं बोललों नाहीं. या वेळीं वर्णन करण्याचें काम आमचें नव्हतें. आबा बराच वेळ पाहत राहिले.

"दोन पट्टे," ते म्हणाले. "नर आहे."

मग थोडें पुढें झुकून म्हणाले, "आणि चोचींत चिलापी हाय. आमच्या वेळीं नदीला चिलापी नव्हती. आतां तीच खातो होय रे तूं?" हें ते आमच्याशीं बोलत नव्हते.

आमचें कुटुंब स्वयंपाकघरांतून हात पुशीत आलें आणि दाराशीं उभें राहिलें. कांहीं वेळानें आबांनीं दुसरी मागणी केली. जुन्या फाटकापलीकडे, रुळांच्या खडींत, उन्हाळ्यांत टिटवी अंडीं घालीत असे. खड्यांत खडे दिसतात तशीं, पायाखालीं येईपर्यंत कळत नाहींत. त्यांचें चित्र हवें. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, पक्षी अंड्यांवर असतांना जवळ जाऊं नये, चित्रकारहि आतां घरट्याचीं चित्रें घेत नाहींत. पक्षी उठतो, आणि अंडीं उन्हांत तापतात. आबा गप्प झाले. आम्हांस वाटलें, आतां 'असूं दे' म्हणणार.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "मी पण तिथें आलों कीं रूळ सोडून खालून जायचों. तूं लांबनंच बघ. एवढंच सांग, ती अजून तिथेंच बसते का."